पहिलं बाळंतपण माहेरचं

आमच्या बाबांना संत्रं हातात घेतलं की कळायचं. पांढुर्ण्याच्या बाजारात त्यांची संत्र्याची अडत होती. ढिगातलं फळ उचलायचं, देठाजवळ अंगठ्याने हलकं दाबायचं, एकदा फिरवायचं आणि सांगायचं, हे दिल्लीपर्यंत टिकते, हे इटारसीच्या पुढे जात नाही. एक डागी फळ आत गेलं तर सगळी पेटी सडते, म्हणून प्रत्येक फळ पाहिल्याशिवाय पेटीतल्या तणसात ठेवायचं नाही, हा त्यांचा कायदा. मी बी.कॉम. नापास होऊन त्यांच्या हाताखाली लागलो, तेव्हा मी भरलेल्या पेट्या ते खिळे काढून पुन्हा उघडायचे. एकदा तर गिऱ्हाइकासमोर उघडली. आतून जे निघालं ते पाहून गिऱ्हाईक मला म्हणालं, की तुम्ही कॉलेजातच बरे होता.

हे मी बाबांचं कौतुक म्हणून सांगत नाही. राग आहे म्हणून सांगतो. ज्या माणसाने जन्मभर संत्री एकेक करून तपासली, त्याने पोटची पोरगी गरोदर राहिल्यापासून सातवा महिना भरेपर्यंत कोणाला दाखवली नाही. आणि माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला इतकी वर्षं चडफडावं लागलं नसतं. एकदा भांडून मोकळा झालो असतो.

माझी धाकटी बहीण सौसरला दिली होती. तिच्या सासऱ्यांची रामाकोन्याच्या रस्त्यावर संत्र्याची बाग आणि थोडा कापूस. त्यांचा बहर, म्हणजे झाडावरचं सगळं पीक, बाबा विकत घ्यायचे, त्यातूनच सोयरीक जमली. मुलगी पाहायला आले तेव्हा तिला चालवून पाहिलं, सुईत दोरा ओवायला लावला, वाचायला लावलं, हसवून दात पाहिले. न्हाती झाली तेव्हा तिला कोपऱ्यात बसवायला अख्खी आळी हजर होती. लग्नात हळद लावायला तर मांडव पुरला नाही. पण तिच्या अंगात रक्त किती आहे, पांढरी का पडली, दम का लागतो, हे या सगळ्या काळात एकाही माणसाने पाहिलं नाही. न पाहणाऱ्यांत मीही आलो. मला वाटायचं ती गोरी होत चालली आहे.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. भाऊबीजेला मी सौसरला गेलो. बहीण पाट मांडून ओवाळायला बसली आणि ताट खाली ठेवून भिंतीला टेकली. चक्कर आली होती. मी आपला गंमत करायला म्हणालो, की ओवाळणी कमी दिसते म्हणून नाटक चाललंय का. ती हसली नाही. तेवढ्यात माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. पाय सुजून असे झाले होते की जोडवी मांसात रुतली होती. बोटाने दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा.

"सगळ्याइचे असेच सुजतात म्हणतात, भाऊ," ती म्हणाली. "डोकं तेवढं लय दुखते."

सहावा महिना चालू होता. मी विचारलं, कोणाला दाखवलं का. तिने दाराकडे पाहिलं. दारात तिच्या सासूबाई उभ्या होत्या. मी त्यांना मावशी म्हणायचो. उंच बाई, कमी बोलणारी, कापूस वेचून बोटं चिरलेली. त्यांनीच उत्तर दिलं.

"बापू, पहिली खेप माहेरची असते. दवाखाना-बिवाखाना तुमच्या घरचे पाहतीन. मी नेलं अन काही कमीजास्त झालं, त तुमीच म्हणान, सासरवाल्याइनं पोरीले सुया टोचून मारलं."

मी तावातावाने संध्याकाळच्या बसने पांढुर्ण्याला आलो. घरात शिरताच बाबांना म्हणालो, तिला आजच्या आज डॉक्टरला दाखवा. बाबा पेटीच्या फळ्या मोजत होते. शांतपणे म्हणाले, "पोरगी तिच्या सासरी हाये ना अजून? तिथं जाऊन आपण दवाखान्याची गोष्ट काढली त त्याचा मतलब काय होते? की तुमाले सून सांभाळता येत नाही. सातव्या महिन्यात ओटी भरू, घरी आणू, मग दाखवू."

म्हणजे कायदा असा झाला. पोरगी राहणार सासरी, आणि तिचं पोट माहेरचं. सासरचे हात लावणार नाहीत कारण जबाबदारी आमची. आम्ही हात लावणार नाही कारण पोरगी त्यांच्या घरात. दोन्हीकडची माणसं सभ्य, दोन्हीकडे एकमेकांचा मान राखणारी. त्या मानापानाच्या मधोमध माझी बहीण सुजलेल्या पायांनी स्वयंपाक करत होती. ऐन बहराचे दिवस. व्याही नाराज झाला तर बाग दुसऱ्या अडत्याकडे जाईल ही भीती बाबांना होती की नव्हती, मला ठाऊक नाही. ते बोलले नाहीत. पण मी त्यांच्या हाताखाली होतो, मला वास यायचा.

मी आईकडे गेलो. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मले कोणी दाखवलं होतं? तरी झाले ना तुमी सारे."

आम्ही झालो, खरं आहे. जे झाले नाहीत त्यांची गोष्ट आमच्या घरात कधी निघत नसे. माझ्या आधी एक भाऊ होता असं मला एका दूरच्या काकूकडून लग्नाच्या पंगतीत कळलं होतं, भजी वाढता वाढता. आईला मी ते विचारलं नाही. त्या दिवशी जिभेवर आलं होतं, पण तिच्या हातातली भाकरी तव्यावर पडायच्या आधीच फाटली, आणि मी उठून बाहेर आलो.

मग मी हुशारी केली. माझ्या हुशारीचा शेवट काय होतो हे आमच्या बाजारात सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला नव्हतं. पांढुर्ण्यातल्या एका डॉक्टरकडे गेलो. वाटेत सगळं पाठ केलं होतं, पण आत गेल्यावर बाकावर ओळखीचे दोघे बसलेले. त्यांच्यासमोर बहिणीबद्दल 'गरोदर' हा शब्द माझ्या तोंडातून निघेना. आमच्याकडे तो शब्द बाया बोलतात, तोही चुलीजवळ. डॉक्टरांनी विचारलं, काय होतं. मी म्हणालो, पाय सुजतात.

"कोणाचे?"

"माझे."

डॉक्टरांनी माझे पाय पाहिले. माझे पाय म्हणजे बांबूच्या काड्या. मी घाईने म्हणालो, डोकंही दुखतं, चक्कर येते, आधी उलट्याही व्हायच्या. डॉक्टरांनी डोळ्याची पापणी खाली ओढली, जीभ पाहिली आणि विचारलं, दारू किती घेतोस. मी म्हणालो, घेत नाही. कधीपासून होतंय हे? सहा महिन्यांपासून, मी म्हणालो, आणि आंबट खावंसं वाटतं असंही चुकून बोलून बसलो. बाकावरचे दोघे उठून जवळ आले. त्यांना आता नीट ऐकायचं होतं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुझ्या बायकोला दिवस आहेत का?"

"लग्न नाही झालं."

आता बाकावरच्या दोघांना घरी जायची घाईच राहिली नाही. शेवटी मी खरं सांगितलं, बहीण आहे, सौसरला आहे. डॉक्टर हसले नाहीत. हे सगळं ऐकून त्यांचा चेहरा बदलला. सूज, डोकेदुखी आणि चक्कर एकत्र असेल तर हे साधं नाही, ब्लडप्रेशर आणि लघवी तपासायलाच हवी, उद्याच्या उद्या, असं म्हणाले. मी म्हणालो, औषध द्या, मी नेऊन देतो. ते म्हणाले, पेशंट न पाहता औषध देणारा हवा असेल तर आठवडी बाजारात एक जण बसतो, तो दातही काढतो. तिला आण.

दुसऱ्या दिवशी बाजारात मला डोहाळे काय लागलेत याची चौकशी सुरू झाली. हमाल मला चिंचा आणून द्यायचे. मी हसायचो. आतून असा पेटलो होतो की एका पेटीला ठोकायचे खिळे दुसऱ्या पेटीला ठोकले. माझ्यासारखा घोडा पाय सुजले म्हणून डॉक्टरसमोर बसू शकत होता. जिचे सुजले होते तिला उंबरा ओलांडायला दोन घरांची आणि एका पंचांगाची परवानगी लागत होती.

परवानगी फक्त एकाच ठिकाणी जायची मिळायची. देवाला. सौसरजवळ जामसावळीचा मारुती आहे, मंगळवारी-शनिवारी तिथे गर्दी असते. मी सौसरला जाऊन बहिणीच्या सासऱ्यांसमोर हात जोडले. त्यांना मी काकाजी म्हणायचो. टोपी कधी न काढणारा, मोजकं बोलणारा माणूस. म्हणालो, आईने हिच्यासाठी जामसावळीला नवस बोललाय, मंगळवारी घेऊन जाऊ का. काकाजी लगेच हो म्हणाले. नारळासाठी खिशात हात घातला. दवाखाना कोणाचा यावर दोन घरं महिनोन्‌महिने अडली होती, मारुती कोणाचा हे कोणी विचारलंच नाही.

मंगळवार निवडायचं कारण वेगळं होतं. सौसरच्या सरकारी दवाखान्यात त्या दिवशी लेडी डॉक्टर बायांना तपासायची, हे मी चहाच्या टपरीवर विचारून ठेवलं होतं. सकाळी पोचलो तर काकाजी बागेत गेलेले, बहिणीचा नवरा, आमचे जावई, तेही त्यांच्याबरोबर. जावयांचं सांगायचं तर ते आईचं ऐकत, वडलांचं ऐकत, आणि बायकोचं ऐकायची पाळी आली की बैलांना पाणी पाजायला जात. मावशी घरी नव्हत्या. बहीण म्हणाली, त्या पहाटेच रामाकोन्याला बहिणीकडे गेल्या. मला वाटलं, नशीब फळफळलं.

मी मित्राची लुना आणली होती. बहिणीने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "याच्यावर बसवशीन त अस्पतालाच्या आधीच होऊन जाईन." मग सायकल रिक्षा केली. रिक्षावाल्याला अगोदर जामसावळीचा रस्ता सांगितला, कोपरा वळल्यावर दवाखान्याचा. त्याने मागे वळून माझ्याकडे असं पाहिलं की मी कोणाची तरी बायको पळवून चाललोय.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बायांची रांग होती. पोटं पुढे आलेल्या पोरी, कडेवर मुलं घेतलेल्या बाया, आणि शेवटी भिंतीकडे तोंड करून बसलेली एक उंच बाई, पदर नाकापर्यंत ओढलेला. बहीण तिच्याजवळ जागा पाहून खाली टेकली. बाईने पदर आणखी ओढला. पण चिरलेली बोटं झाकली नाहीत.

"आत्याबाई?" बहीण म्हणाली.

पदर हळूच खाली आला. मावशी होत्या.

मी वेड्यासारखा बोलून गेलो, "तुमी रामाकोन्याले गेल्या होत्या ना?"

"अन तुमी जामसावळीले," मावशी म्हणाल्या.

शेजारची एक बाई हसू दाबायला लागली. तिघंही आम्ही एकमेकांची तोंडं पाहत होतो. एका घरातल्या दोन बाया, एकाच चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या, एकीने बहिणीचं नाव सांगितलं, दुसरीने देवाचं, आणि दोघी एकाच रांगेत येऊन बसल्या. चोऱ्या करणारे तरी आपसात ठरवून निघतात. मला हसू यायला हवं होतं, एरवी अशा गोष्टींवर मी महिनाभर जगतो. पण मावशींचा चेहरा पाहिला आणि हसू कुठे गेलं कळलं नाही. पकडल्या गेलेल्या माणसाचा चेहरा होता तो. पन्नाशी ओलांडलेली, सून आलेली, बागेतल्या गड्यांना कामाला लावणारी बाई, आणि स्वतःचं दुखणं सरकारी बाकावर घेऊन बसली म्हणून तिला चोरासारखं वाटत होतं.

काय होतंय हे त्यांनी मला सांगितलं नाही. बहिणीच्या कानात सांगितलं. बहिणीने नंतर मला सांगितलं, कारण तिच्यावरही ते ओझं झालं होतं. मावशींची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि गेले काही महिने पुन्हा रक्त जाऊ लागलं होतं. घरात त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. शेजारच्या एका म्हातारीला विचारलं, तर ती म्हणाली, भाग्याची आहेस, जवानी परत आली. या बोलण्यावर त्या दोघी हसल्या होत्या म्हणे.

बहिणीचा नंबर आला. मी दारातच थांबलो, पण दार उघडंच होतं. दंडाला पट्टा बांधून दाब पाहिला, पुन्हा पाहिला. मग नर्सबाईने काचेच्या नळीत लघवी घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरली. मी कॉलेजात असे प्रयोग नीट केले नव्हते, हा मात्र नीट पाहिला. पिवळट पाणी तापलं आणि वरच्या बाजूने दह्यासारखं पांढरं होत गेलं. नर्सबाईने दिवा विझवला. लेडी डॉक्टरला नळी दाखवली आणि डॉक्टरीण बहिणीऐवजी मावशींकडे वळली. सून तुमची? इतके दिवस कुठे होतात? दाब वाढलाय, अंगात रक्त नाही. दर आठवड्याला आणा, कामं बंद करा, बाळंतपण घरी करायचं नाही, झटके आले तर दोन्ही जीव जातात.

मावशी पदर मुठीत धरून उभ्या होत्या. पहिली खेप माहेरची, हे वाक्य त्यांनी तिथे म्हटलं नाही.

नंतर त्या स्वतः आत गेल्या, तेव्हा नर्सबाईने दार लावून घेतलं. बाहेर आल्या तेव्हा पिशवीत गोळ्या होत्या आणि तोंडावर काही नव्हतं. बहिणीला एवढंच म्हणाल्या, की नागपूरला जाऊन आतून तपासून घ्या म्हणते. मग माझ्याकडे वळल्या.

"बापू, हे माझं तुमी कोठी बोलायचं नाही. सुनेले मी दर मंगळवारी जामसावळीले धाडत जाईन."

"अन तुमचं नागपूर?"

"पाहू," त्या म्हणाल्या, आणि नारळ घ्यायला टपरीकडे गेल्या. घरी प्रसाद न्यायला लागणार होता.

मग दर मंगळवारी माझी बहीण मारुतीला जाऊ लागली. लोहाच्या गोळ्या प्रसादाच्या पुडीत यायच्या. तिची कामं मावशींनी काहीही न बोलता स्वतःवर घेतली. रक्त जात असताना पाण्याचे हंडे उचलले, कापसाचं गाठोडं डोक्यावर घेतलं. आणि काकाजी बागेत माझ्यासमोर लोकांना कौतुकाने सांगायचे, की आमच्या सुनेची मारुतीवर लय भक्ती. मी संत्री मोजत असायचो. आकडा चुकायचा. बाबा म्हणायचे, पोट्ट्याचं लक्ष नाही. लक्ष होतं. मला ती सगळी संत्री एकेक करून त्या दोघांच्या टोप्यांवर मारावीशी वाटत होती.

मार्गशीर्षाच्या अमावस्येच्या आदल्या दिवशी ओटीभरण ठरलं. सौसरलाच. अंगणात पाट, हिरवी साडी, हिरवा चुडा, बाया गाणी म्हणत होत्या. बहीण सजून बसली होती, आणि तोंडसुद्धा सुजलेलं होतं. आदल्या मंगळवारी डॉक्टरीण म्हणाली होती, की आता दवाखान्याच्या जवळ राहा, दोन दिवसांआड दाब पाहावा लागेल. मला वाटलं, सुटलो. ओटी झाली, आज घेऊन जाऊ.

पुरुषांची पंगत ओसरीवर होती. बाबा जेवता जेवता म्हणाले, की उद्या अमावस्या, परवापासून पौष लागते, आज पोरगी हलवली तर धावपळ होईल, पौष झाला की नेऊ. काकाजी म्हणाले, बरोबर आहे, पौषात सून दाराबाहेर काढत नाहीत. बाबा म्हणाले, तुमची मर्जी. काकाजी म्हणाले, नाही, तुमची. दोघेही एकमेकांच्या पानात लाडू वाढायचा आग्रह करत होते.

माझ्या डोक्यात त्या नळीतलं पांढरं पाणी उभं राहिलं. मी पानावरून उठलो.

"कोणाची मर्जी?" मी म्हणालो, आणि आवाज इतका चढला की गाणी थांबली. "तिच्या पोटाले पौष माहीत हाये का? काकाजी, तुमची सून मारुतीले नाही जात. दर मंगळवारी अस्पतालात जाते. झटके येऊन मरू शकते म्हणून सांगितलं तिथं. अन बाबा, तुमी डागी संत्रं पेटीत जाऊ देत नाही ना? मग हे काय हाये? अस्पतालात ती एकटीच नाही जात, या घरातल्या..."

मावशी ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. ताट हललं नाही. डोळे तेवढे माझ्यावर होते.

माझ्या जन्मात मी अर्ध्यावर गिळलेलं ते एकच वाक्य. आता गिळलं तर गिळलं, पण पुढे काहीतरी बोलणं भाग होतं. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "...या घरातले लाडू लय चांगले झाले." आणि खाली बसलो.

काकाजी हात धुवायला उठले. परत आले ते टोपी नीट करून. म्हणाले, आमच्या घरात खोटं बोलून सुनेला फिरवलं, आमची नाचक्की केली. घेऊन जा तुमची पोरगी, आत्ताच. बाबांचा चेहरा राखेसारखा झाला. पाय धरायचेच बाकी होते. मी मात्र पाटावरून बहिणीला उठवत होतो. ओटीतले तांदूळ सांडत होते, ते वेचायला बाया वाकल्या. मावशींनी तिची पेटी बांधून आणली, इतक्या लवकर की ती आधीच बांधलेली असावी. पौष लागायला अजून दोन दिवस होते, तेव्हा कायदासुद्धा मोडला नाही.

बाबा माझ्याशी पुढे महिनाभर बोलले नाहीत. बाग गेली असं त्यांनी धरून चाललं होतं. पण आता पोरगी आमच्या घरात होती आणि पोटही आमचंच, त्यामुळे आईला कोणाला विचारायचं उरलं नव्हतं. ती तिला दर दोन दिवसांनी पांढुर्ण्याच्या दवाखान्यात न्यायची. आधी माझ्या बळजबरीने, मग स्वतःहून. एकदा परत आली आणि म्हणाली, तिथल्या बाईने माझाही दाब पाहिला, माझाही वाढलेला आहे म्हणते. असं सांगत होती की कोणीतरी तिची पहिल्यांदाच विचारपूस केली. आणि तसंच होतं.

दिवस भरायच्या आधीच एका सकाळी दाब चढला, डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. तो दाब पाहायचाच दिवस होता, दवाखान्यात होतो म्हणून वेळेवर सुई मिळाली, दुपारपर्यंत मुलगी झाली. मांजराच्या पिल्लाएवढी. रडली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, घरी असती तर दोघींतलं कोणी राहिलं नसतं. बाबा भिंतीला धरून खाली बसले. मला त्यांची कीव आली नाही. आज येते थोडी, पण त्या दिवशी आली नाही.

तिसऱ्या दिवशी काकाजी आणि मावशी आले. नात पाहायला यावंच लागतं, राग असला तरी. काकाजींनी नातीच्या हातात काहीतरी ठेवलं आणि खिडकीजवळ बाबांशी मृगाच्या बहराचं बोलायला लागले, जणू ओटीभरणाला कोणी काही बोललंच नव्हतं. मावशी खाटेच्या पायथ्याशी बसल्या. त्यांनी नातीला मांडीवर घेतलं, बराच वेळ पाहिलं. त्या फार वाळल्या होत्या. नागपूरला त्या गेल्या नव्हत्या, हे मला विचारायची गरज पडली नाही.

पांढुर्ण्याची नर्सबाई बहिणीचा दाब पाहायला आली. पट्टा सोडत होती तेव्हा मावशी म्हणाल्या, आणि आवाज लपवून नाही म्हणाल्या, "बाई, हे झालं की मले पहा. पाळी जाऊन लय वर्षं झाले, अन आता पुन्हा रक्त जाऊन राहिलं. सौसरच्या डॉक्टरीणबाईनं नागपूरले दाखवा म्हणलं होतं."

खिडकीजवळचं बोलणं थांबलं. काकाजींची मान वळली.

"हे काय बोलाचं ठिकाण हाये?" ते म्हणाले. "घरी बोलू."

"घरी कोण बोलून राहिलं होतं?" मावशी म्हणाल्या. नातीला त्यांनी बहिणीच्या कुशीत ठेवलं आणि उठल्या.

नर्सबाईने खाटेभोवतीचा पडदा ओढला आणि आम्हा पुरुषांना बाहेर काढलं. व्हरांड्यात बाबांनी खाकरून पुन्हा बहराचा विषय काढला. मी त्यांना म्हणालो, बाबा, आता गप बसा. ते गप बसले. काकाजी टोपी हातात घेऊन उभे होते. टोपीशिवाय मी त्यांना पहिल्यांदा पाहत होतो. जरा वेळाने ते माझ्याजवळ आले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "बापू, हे कवापासून होऊन राहिलं तिले?"

मला माहीत होतं. महिना, मंगळवार, सगळं. पण तिच्याशी इतकी वर्षं संसार केलेला माणूस मला विचारत होता.

"काकाजी," मी म्हणालो, "त्या आत हायेत. त्याइले विचारा."